वहिनी कापायची, दादा शिवायचा

आमच्या जागेला कारखाना म्हणायचं म्हणजे मांजराला वाघ म्हणण्यातलाच प्रकार. एक लांबट खोली. एका भिंतीला कॅनव्हासचे तागे उभे केलेले, कोपऱ्यात दादाचं जड मशीन, आणि दाराशी माझा लाकडी ओंडका. त्यावर ठेवून मी कापडाला पितळेच्या रिंगा ठोकते. मागचं दार उघडलं की स्वयंपाकघर. ट्रकवरच्या ताडपत्र्या, दुकानापुढच्या छपऱ्या, तंबू, सुतारांच्या औजारांच्या पिशव्या, घडीच्या खाटांची कापडं, असं जे जे जाड ते ते आम्ही करतो. शेजारचा टायरवाला म्हणतो, "तुमच्याकडे नाजूक असं काहीच नाही, माणसंसुद्धा." ते मला उद्देशून असतं. मी त्याला सोडत नाही, पण तो विषय वेगळा.

सांगायचंय ते वहिनीबद्दल. कामाची वाटणी अशी होती की वहिनी कापायची, दादा शिवायचा आणि मी ठोकायचे. त्यावरून तिनं माझं नाव ठोकेबाई पाडलं होतं. "ठोकेबाई, जरा जिभेनं कमी आणि हातोडीनं जास्त ठोक," असं ती दिवसातून एकदा तरी म्हणायची. मी सासरहून परत आले ती कायमचीच आले. गल्लीतल्या बायकांना चघळायला विषय मिळाला, सख्ख्या मावशीनंसुद्धा तोंड फिरवलं. वहिनीनं एका शब्दानं काही विचारलं नाही. तिनं ओंडका दाराशी सरकवला, हातोडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "इथे बस. उजेड चांगला येतो." तेव्हापासून मी तिथेच बसते.

खरं तर कापणं हे दादाचं काम व्हायचं होतं. आमचे बाबा कापायचे, आणि मुलानं आपली कात्री घ्यावी अशी त्यांची इच्छा. पण पहिल्याच मोठ्या कामात दादानं हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. तंबूचं काम होतं. तंबूच्या उतरत्या बाजू जोडीनं कापायच्या असतात, एक डावी, एक उजवी. त्यात कापडाच्या एकाच अंगाला मेण चढवलेलं, म्हणजे तुकडा उलटा करून दुसरीकडे लावता येत नाही. आणि दादानं सगळे तुकडे डावेच कापले. अख्खा तागा संपला आणि तंबूला उजवी बाजूच नाही! बाबांनी गिऱ्हाइकासमोर, माझ्यासमोर आणि चार महिन्यांपूर्वी घरात आलेल्या त्याच्या बायकोसमोर त्याला म्हटलं, "हे हात नाहीत, कोयते आहेत." दादानं कात्री खाली ठेवली ती ठेवलीच. पुढे कुणी विचारलं तर म्हणायचा, "टाका चुकला तर उसवता येतो. काप उसवता येत नाही." त्यानं मशीन धरलं. शिलाईत मात्र त्याचा हात धरणारा आजही कुणी नाही, हे मी बहीण म्हणून नाही, ठोकेबाई म्हणून सांगते.

त्या दिवशी सगळे आपापली तोंडं घेऊन आत गेल्यावर नवी वहिनी त्या डाव्या तुकड्यांपाशी एकटीच बसून राहिली. तिला कापडातलं ओ की ठो कळत नव्हतं. घरचा केर काढताना कातरण उचलायची, एवढाच तिचा संबंध. पण ती तुकडे जमिनीवर असे ठेव, तसे ठेव करत राहिली आणि संध्याकाळी बाबांना म्हणाली, "बाबा, हा तंबू दोन्हीकडे उतरता न करता भिंतीला टेकवला तर? मग एकच बाजू लागेल." बाबांनी एक तुकडा उचलून भिंतीशी टेकवून बघितला. मग त्यांनी कात्री तिच्या हातात दिली. एवढीच तिची दीक्षा.

शिक्षण मात्र सोपं नव्हतं. बाबा तिला डोळे मिटायला लावायचे आणि कापड हातात द्यायचे. उभा धागा कुठला, आडवा कुठला, हे बोटांनी सांगायचं. उभा धागा पाण्यात जास्त आटतो, म्हणून लांबीला माया, म्हणजे मापाच्या वरचं कापड, जास्त सोडायची. किती जास्त, ते प्रत्येक ताग्याचं निराळं. कोरं कापड आज मापाला बरोबर असतं आणि एकदा भिजलं की वीतभर तोकडं पडतं, मग ट्रकवाला दारात येऊन आईबाप काढतो. वहिनी काठाचा एक धागा ओढायची, दातात धरायची, आणि आकडा सांगायची. सुरुवातीला चुकली, रडली, गुडघे सोलवटले, कारण मोठं कापड जमिनीवर पसरून गुडघ्यांवर फिरतच कापावं लागतं. बाबा शाबासकी देणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांचा सगळ्यात मोठा गौरव म्हणजे "बरोबर आहे." तो शब्द ऐकायला तिला दोन पावसाळे लागले. त्यानंतर बाबांनी स्वतः कधी कापलं नाही, आणि ते गेल्यावर सगळा धंदा तिच्या कात्रीवर चालला.

दादाला याचं कधी वाईट वाटलं का? मला वाटतं, नाही. तिनं कापलेला तुकडा त्याच्याकडे आला की तो आधी काठावरून हात फिरवायचा, नवीन दाढी केलेल्या गालावरून फिरवावा तसा. मग मशीन सुरू करायचा. दोघांचं बोलणं फार नसे. मुलंबाळं झाली नाहीत, त्याचं दुःख दोघांनी एकमेकांना न दाखवता गिळलं. रुसवे मात्र लहान पोरांसारखे. रुसली की ती मापाच्या खुणा इतक्या पुसट करायची की दादाला तुकडा दिव्यासमोर धरून बघावा लागे. "अगं, खडू संपला का?" असं दादानं विचारलं की समेट झाला, असं मी समजायचे.

मग वहिनी बसून कापायला लागली. म्हणजे गुडघ्यांवर न फिरता एका जागी बसून कापड ओढून घ्यायची. मी म्हटलं, "म्हातारी झालीस." ती म्हणाली, "तुझ्या आधी नाही होणार." पोटात दुखतं हे तिनं कुणाला सांगितलं नाही. ताकास तूर लागू द्यायची नाही, हा तिचा स्वभाव. जेव्हा जेवण जाईनासं झालं तेव्हा दादा तिला जवळजवळ उचलूनच दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवले आणि दादाकडे न बघता माझ्याकडे बघून बोलले. माझा चेहरा बघून लोकांना मी खंबीर वाटते. गाठ पसरली होती. आता घरीच ठेवा, खावंसं वाटेल ते द्या, दुखलं की ह्या गोळ्या. पुढचा पावसाळा काही ती बघणार नाही, असं त्यांनी जिन्यात मला हळूच सांगितलं.

घरी आल्यावर वहिनी पाणी प्यायली आणि पहिलं वाक्य बोलली ते हे. "अहो, उद्यापासून कात्री तुम्ही धरायची."

"आधी तू बरी हो," दादा म्हणाला.

"बरी झाले तर परत घेईन. तोवर शिका."

"मला नाही येणार ते. तुला माहितेय."

"मला तरी कुठे येत होतं? मी इथे केर काढत होते." मग ती म्हणाली, "तुम्हाला आलं नाही, तर तुम्ही दोघं खाणार काय, ह्याच काळजीत जीव अडकेल माझा."

मला का नाही शिकवलं, असं कुणी विचारेल. माझा एक डोळा लहानपणीच गेला. एका डोळ्यानं रिंग ठोकता येते, लांब रेघ सरळ धरता येत नाही. तेव्हा दादाला शिकणं भाग होतं.

शिकवणी सुरू झाली. वहिनी भिंतीशी उशी लावून बसायची, दादा जमिनीवर गुडघे टेकून. ती सांगायची, तो ऐकायचा, मान डोलवायचा, खडूनं खूण करायचा आणि चुकायचा. ट्रकची ताडपत्री तोकडी कापली. ती एका छोट्या दुकानाची छपरी म्हणून खपली. छपरीची झालर आडव्या धाग्यात कापली, तिच्या पिशव्या केल्या. तंबूचं दार अरुंद कापलं, ते खिडकीला लावलं. माझं डोकं फिरायचं. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!" मी ओरडायचे. "ती बिचारी घसा कोरडा करतेय आणि तुझं आपलं पालथ्या घड्यावर पाणी!" दादा ऐकून घ्यायचा. वहिनी म्हणायची, "ओरडू नकोस गं. उद्या परत करू."

आणि उद्या परत ती उठून बसायची. तेच मला नवल वाटायचं. सकाळी उशीवरून मान उचलवत नसे, पण कापड पसरल्याचा आवाज आला की म्हणायची, "मला टेकवून बसव." केस विंचरून घ्यायची. अर्धा कप चहा घ्यायची. पावसाळा आला आणि डॉक्टरांचा शब्द खोटा पाडून वहिनी भिंतीशी बसून दादाला उभा-आडवा धागा शिकवतच होती. टायरवाला मला म्हणाला, "तुझ्या भावाचा ठोंब्यापणा औषधासारखा लागू पडलाय." मी त्याला हसले. पण तो बोलला ते माझ्या मनात राहिलं.

एका पहाटे मी चहाचं आधण ठेवायला उठले तर कारखान्यातून कात्रीचा आवाज आला. जाड कापडात घाबरलेला हात कात्री चालवतो तेव्हा ती चावत चावत जाते, मध्येमध्ये थांबते. हा आवाज लांबच लांब, न थांबता. क्षणभर मला वाटलं वहिनीच उठून कापतेय. दार लोटलं तर दादा. पुढ्यात औजारांच्या पिशवीचे तुकडे, एकावर एक ठेवले तर केसाचा फरक नाही असे. माया नेमकी, कोपरे नेमके.

"दादा, हे तू कापलंस?"

तो एकदम उठला आणि तुकडे ताग्यांमागे सारायला लागला. "हळू बोल."

"तुला येतंय! तुला कधीपासून येतंय?"

"हळू बोल गं, ती उठेल."

"मग तिच्यासमोर का चुकतोस? कापडाचा सत्यानाश, तिच्या जिवाचा सत्यानाश..."

दादानं माझं मनगट धरलं. आमचा दादा कुणाला हात लावून बोलणारा नाही. "मला येत नाही तोवर ती जायची नाही," तो म्हणाला. "ती म्हणाली ना, जीव अडकेल म्हणून. अडकू दे. मी मरेपर्यंत चुकेन."

मला आधी हसू आलं, मग राग आला, मग मी तिथेच ओंडक्यावर बसून रडले. एवढा साठीचा माणूस, आणि यमाला चकवायला निघालाय तो कशानं, तर वाकड्या कापानं. पण वहिनीला मी हे सांगितलं नाही. कारण मलाही ती हवी होती.

पुढे काही आठवडे आम्ही दोघांनी मिळून ते नाटक चालवलं. तो चुकायचा, मी ओरडायचे. मी तर जरा जास्तच ओरडायचे, चोराच्या मनात चांदणं.

मग एका दुपारी दादा दोरा आणायला बाहेर गेला होता. वहिनीनं मला जवळ बोलावलं. तिचा आवाज आता इतका बारीक झाला होता की वाकून ऐकावं लागे. ती म्हणाली, "ठोकेबाई, ज्याला खरंच येत नाही ना, तो कापड वाया घालवतो. चिंध्या होतात. ह्यांनी आजपर्यंत एक चिंधी केलेली नाही. ताडपत्री चुकली तर बरोबर छपरीच्या मापाची, छपरी चुकली तर बरोबर पिशवीच्या मापाची. इतकं नेमकं चुकायला हात यावा लागतो."

मी तिच्या पांघरुणाचा काठ सारखा करायला लागले.

"तुलाही माहीत होतं," ती म्हणाली. रागानं नाही.

"त्याला वाटतं..."

"काय वाटतं ते कळतंय मला. एवढी वर्षं त्यांच्याबरोबर काढलीत." ती हसायला गेली, पण पोटात कळ आली आणि तिनं डोळे मिटले. जरा वेळानं म्हणाली, "मी दमले गं. ते चुकतात म्हणून मला रोज उठून बसावं लागतं. त्यांचा चेहरा असा असतो की नाही म्हणवत नाही. पण आता खरंच नको वाटतं. पाठीला गादी टोचते, हाडंच राहिलीत ना. मला निजायचंय."

मला तिचे पाय दाबता आले, तेवढे दाबले.

दादा परत आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "अहो, मला घडीची खाट करून द्या. लोखंडी सांगाडा आहेच तो माळ्यावर. कापड नवं घाला. गादीवर पाठ फार दुखते."

दादा दोऱ्याची रिळं हातात घेऊन उभाच राहिला. त्याला कळलं. मला कळलं ते त्याच्या तोंडाकडे बघून. खाटेच्या कापडात चुकायला जागा नसते. उभा धागा एका दांडीपासून दुसऱ्या दांडीकडे गेला पाहिजे, आडवा गेला तर चार दिवसांत त्याची झोळी होते आणि माणसाचा कणा मोडतो. माप सैल धरलं तर मध्ये खड्डा पडतो, घट्ट धरलं तर सांगाडा उघडत नाही. आणि ह्या कापडावर कुणी ट्रकवाल्याचं सामान ठेवायचं नव्हतं, तिची पाठ टेकायची होती. ती पाठ दुखेल असं कापड दादाच्या हातून कापलं जाणं शक्य नव्हतं, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"उद्या करतो," दादा म्हणाला.

"आज करा ना."

त्यानं तागा आडवा केला आणि कापड पसरलं. वहिनी भिंतीशी बसली होती, पण त्या दिवशी तिनं एक अक्षर सांगितलं नाही. दादानं काठाचा धागा ओढला, दातात धरला. खडूची रेघ मारली. मग कात्री हातात घेऊन तो कितीतरी वेळ तसाच बसला. बाहेर टायरवाल्याकडे कुणीतरी चाकात हवा भरत होतं. शेवटी दादानं तिच्याकडे बघितलं. ती मान हलवून "हं" म्हणाली, लहान मुलाला पहिल्यांदा शाळेत पाठवताना म्हणतात तसं. दादानं कापलं. एका दमात, न थांबता, आणि कापताना त्याच्या डोळ्यांतलं पाणी कापडावर पडत होतं.

शिलाई त्यानं दुहेरी घातली. खाट उघडून दाराशी ठेवली, माझ्या ओंडक्याशेजारी, उजेडात. आम्ही दोघांनी तिला उचलून निजवलं. तिचं वजन लागलंच नाही. तिनं पाठ टेकली, एक हात खाली सोडून कापडाच्या काठावरून बोटं फिरवली, पार टोकापर्यंत. म्हणाली, "बरोबर आहे."

दादा मान फिरवून मशीनकडे गेला.

त्यानंतर तिनं कधी उठवून बसवायला सांगितलं नाही. दुखणं होतंच, पण चेहरा निवला होता. मी रिंगा ठोकत असताना ती मध्येच डोळे उघडून बघायची आणि परत मिटायची. आठवडाही गेला नसेल. दुपारी दादा मशीनवर एक लांब शिवण घालत होता, मी ठोकत होते, आणि आमच्या दोघांच्या आवाजात ती केव्हा गेली ते आम्हाला कळलंच नाही. चहा विचारायला मी वाकले तेव्हा कळलं.

आता दादाच कापतो आणि दादाच शिवतो. त्याच्या कापाची लोक तारीफ करतात. वहिनीचा हात ह्याला आलाय, असं जुनी गिऱ्हाइकं म्हणतात. तो मान खाली घालून माप लिहून घेतो. मी पूर्वीसारखी ओरडत नाही. ओरडायला तो काही निमित्तच देत नाही.

परवा मी बाजारातून आले तर ती खाट खोलीच्या मधोमध उलटी पडलेली. दादा तिच्यापाशी गुडघ्यांवर बसून पट्टी लावत होता, या टोकाला, त्या टोकाला, मग मध्यावर. माप घ्यायचा, पुसायचा, परत घ्यायचा. मला वाटलं कुणाची तशीच खाटेची ऑर्डर आली असेल.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"कुणासाठी नाही. बघतोय कुठे चुकलंय का."

"नाही चुकलेलं. ती स्वतः सांगून गेली ना."

त्यानं पट्टी खाली ठेवली. "तेवढं एक चुकायला हवं होतं गं मला."

मी पिशवी ठेवली आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसले. "वेडा आहेस का? चुकला असतास तर तिची पाठ किती दुखली असती!"

"दुखली असती," दादा म्हणाला. "पण उठून बसली असती. मला शिकवायला."